मन कसं चालतं? माणूस, प्राणी आणि यंत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदू, प्राण्यांची बुद्धी आणि एआय या विषयांवर मी मुंबईतल्या शाळांमध्ये आणि वाचनालयांत बोलते. कार्यक्रम झाला की व्हॉट्सॲपवर प्रश्न येत राहतात, आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात. त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, पेचाचे नंतर. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे: कुठलंही मन स्वतःच्या कामकाजाबद्दल जे सांगतं, त्याला पुरावा मानता येत नाही. माणसाच्या मनालाही हे लागू आहे. प्रश्न ६ त्यावरच आहे. वेळ कमी असेल तर आधी तो वाचा.

१. मन म्हणजे मेंदूच का? की मन वेगळं काही असतं?

आजचं संशोधन मनाला मेंदूत चालणारी प्रक्रिया मानतं. असं मानायला कारण आहे: मेंदूचा ठरावीक भाग गेला की मनातलं ठरावीक काहीतरी जातं आणि बाकीचं शाबूत राहतं.

हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवं काही लक्षात राहणं बंद झालं. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिल्या, आणि प्रत्येक भेटीत त्या त्याच्यासाठी अनोळखीच असत. मिलनरबाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम भलतंच अवघड आहे, घरी करून पाहा. तीन दिवसांत त्याचा हात सफाईनं चालू लागला, पण आदल्या दिवशी आपण हे केलंय याची त्याला गंधवार्ताही नव्हती. म्हणजे हाताचं शिकणं आणि प्रसंगाची आठवण ही कामं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी चालतात. बाहेरून मात्र आपण दोन्हींना ‘लक्षात राहणं’ असंच म्हणतो.

२. आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, हे खरं ना?

नाही. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असतं आणि शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो खातो. इतका महागडा अवयव नव्वद टक्के रिकामा ठेवणं शरीराला परवडलंच नसतं. स्कॅनमध्येही कायमचा निकामी पडलेला भाग निरोगी माणसात दिसत नाही. या दहा टक्क्यांच्या नावाखाली कोणी क्लास विकत असेल, तर प्रश्न १५ वाचा.

३. दादरला उतरतो, पूल चढतो, वेस्टर्नच्या प्लॅटफॉर्मवर येतो, पण मधलं काहीच आठवत नाही. वय झालं का?

वयाचा संबंध नाही, ही सवय आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत ॲन ग्रेबिएल यांनी उंदरांना इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या वाटेवरून धावायला शिकवलं आणि मेंदूतल्या स्ट्रायटम या भागातल्या पेशींचं काम नोंदवलं. नव्या वाटेवर या पेशी सगळा वेळ कामाला असत. वाट अंगवळणी पडल्यावर त्यांची हालचाल धावेच्या सुरुवातीला आणि शेवटी उसळायची, मधे मंदावायची. पूर्ण क्रम एक गठ्ठा होऊन बसला होता. तुमच्या पायांचंही तेच झालंय. लक्ष मोकळं राहतं आणि भलतीकडे भटकतं, आणि ज्याकडे लक्ष नव्हतं त्याची आठवण तयार होत नाही. गाडी आज दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येणार अशी घोषणा झाली की गठ्ठा सुटतो, आणि त्या दिवशीचा पूल मात्र बरोबर आठवतो.

४. मॅप्स लावून गाडी चालवल्यानं डोक्यातला नकाशा पुसला जातो का?

पुसला जात नाही, पण तेवढा वेळ तो वापरला जात नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये ‘मी आत्ता इथे आहे’ हे नोंदवणाऱ्या पेशी असतात. जॉन ओकीफ यांनी १९७१ साली त्या उंदरात दाखवल्या आणि २०१४ चं नोबेल त्यांना मोझर दांपत्यासोबत मिळालं. २००० साली एलेनॉर मॅग्वायर यांनी लंडनच्या टॅक्सीचालकांचे मेंदू तपासले. हजारो रस्ते पाठ असलेल्या या लोकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा भरला. २०१७ साली लंडनच्याच सोहो भागातल्या रस्त्यांची चित्रफीत स्कॅनरमध्ये दाखवून प्रयोग झाला. लोक स्वतः वाट शोधत तेव्हा प्रत्येक नाक्यावर हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढायची, उपग्रहाच्या सूचनेवर चालताना ती तशी वाढत नव्हती. आपल्याकडच्या जुन्या काळी-पिवळीवाल्या काकांवर असा अभ्यास व्हावा, असं मला मनापासून वाटतं. गिरगावच्या गल्ल्या ज्यांना पाठ आहेत अशी पिढी आता निवृत्त होते आहे.

५. मला लख्ख आठवतं, आणि घरचे म्हणतात असं घडलंच नव्हतं. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना तीत भर पडते. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून वेगाबद्दल विचारलं. प्रश्नात ‘धडकल्या’ऐवजी ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला की लोक वेग जास्त सांगत. आठवड्यानंतर त्यांतल्या अनेकांना फुटलेल्या काचाही आठवल्या, ज्या फिल्ममध्ये नव्हत्याच. नंतरच्या प्रयोगांत काही मोठ्या माणसांना लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची, कधीच न घडलेली आठवणही ‘आली’.

आठवण किती स्पष्ट आहे यावरून ती खरी ठरत नाही. घरातल्या जुन्या भांडणांत हे ध्यानात ठेवलं तर पुष्कळ कडवटपणा टळेल.

६. पण मी एखादी गोष्ट का केली, हे तर मला माहीत असतंच ना?

बऱ्याचदा नसतं, आणि नसल्याचं कळतही नाही.

फिट्सवरचा उपाय म्हणून पूर्वी काही रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पूल कापत असत. अशा एका रुग्णावर मायकेल गॅझानिगा आणि जोसेफ लडू यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग मी प्रत्येक कार्यक्रमात सांगते. त्याच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फाचं दृश्य. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं चित्र निवडायला सांगितलं. उजव्या हातानं कोंबडी निवडली. डावा हात उजवा अर्धगोल चालवतो. त्या हातानं, म्हणजे बर्फ पाहिलेल्या अर्धगोलानं, फावडं निवडलं, बर्फ उपसायला. आता बोलण्याचं काम डावा अर्धगोल करतो आणि त्यानं बर्फ पाहिलेलाच नव्हता. फावडं का निवडलंस, असं विचारल्यावर ‘मला ठाऊक नाही’ हे खरं उत्तर झालं असतं. रुग्णानं क्षणभरही न अडखळता सांगितलं की कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतं.

तो खोटं बोलत नव्हता. मेंदूतला कारणं जुळवणारा भाग आपलं नेहमीचं काम करत होता.

मेंदू अखंड असलेल्या माणसांतही हे दिसतं. स्वीडनमध्ये २००५ साली पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी १२० जणांना चेहऱ्यांच्या फोटोंच्या जोड्या दाखवल्या आणि कोणता जास्त आवडला ते विचारलं. मग हातचलाखीनं, न आवडलेला फोटो हातात देऊन ‘हा कशामुळे आवडला?’ असं विचारलं. अदलाबदल चारांतून जेमतेम एकदा पकडली गेली. उरलेल्या वेळी लोकांनी नाकारलेल्याच चेहऱ्याची कारणं सांगितली. कोणी कानातल्यांचं कौतुक केलं, जी निवडलेल्या फोटोत नव्हतीच.

याचा अर्थ आपली सगळी कारणं खोटी असा नाही. कारण सांगणारी यंत्रणा आणि निर्णय घेणारी यंत्रणा पुष्कळदा वेगळ्या असतात, आणि दोन्ही जुळतात की नाही हे आतून तपासता येत नाही. ते प्रयोग करूनच कळतं. हाच मुद्दा प्रश्न ११ मध्ये यंत्राच्या बाबतीत येतो.

७. ताई, आमच्या गॅलरीसमोरचा कावळा मलाच टोचतो. बाकी कोणाला काही करत नाही. तो मला ओळखतो का?

ओळखत असण्याची दाट शक्यता आहे. अमेरिकेत सिएटलला जॉन मार्झलफ यांनी २००६ साली एक भेसूर मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले. पुढे तोच मुखवटा घालून कोणीही आवारात फिरलं की कावळे कलकलाट करत. दुसरा मुखवटा घातला तर दुर्लक्ष. विशेष म्हणजे कलकलाट करणारे पुढे वाढत गेले. न पकडलेले कावळे आणि नंतर जन्मलेली पिल्लंही त्या चेहऱ्याला ‘वाईट’ ठरवू लागली, आणि दहा वर्षांनंतरही हा राग टिकून होता.

सिएटलचे कावळे वेगळ्या जातीचे. आपला राखाडी मानेचा गावकावळा त्याच कुळातला, आणि माणसाच्या आधारानंच जगणारा. मुंबईत त्यांची घरटी पावसाआधीच्या महिन्यांत होतात. पिल्लू घरट्यातून पडलं असेल आणि तुम्ही जवळून गेला असाल, किंवा फांदी छाटताना तुम्ही खाली उभे असाल, तर तेवढं पुरतं. छत्री घ्या, काही आठवडे वाट थोडी बदला. पिल्लं उडाली की हल्ले थांबतात. दगड मारू नका, त्यानं तुमचा चेहरा आणखी पक्का होईल.

जर्मनीत ट्यूबिंगनला आंद्रेआस नीडर यांच्या प्रयोगशाळेत २०२४ साली तीन कावळे सांगितलेल्या आकड्याइतक्या वेळा, एक ते चार, मोजून ओरडायला शिकले. त्याच प्रयोगशाळेनं २०२० साली दाखवलं की अगदी फिका ठिपका पडद्यावर आला तर कावळ्याच्या मेंदूतल्या काही पेशी ठिपका होता की नव्हता याला नव्हे, तर कावळ्याला तो दिसला की नाही याला प्रतिसाद देतात.

८. एवढ्याशा मेंदूत इतकं कसं मावतं? मग हत्ती आपल्यापेक्षा हुशार हवा!

आकारापेक्षा पेशी किती आणि कुठे आहेत याला महत्त्व आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. हत्तीत सुमारे २५,७०० कोटी, पण त्यातल्या जवळजवळ ९८ टक्के अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या लहान मेंदूत, असतात आणि वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, ५६० कोटीच उरतात. माणसाच्या कॉर्टेक्समध्ये सुमारे १,६०० कोटी. पक्ष्यांच्या चेतापेशी लहान आणि दाटीवाटीनं बसलेल्या असतात, हे २०१६ साली मोजून सिद्ध झालं. म्हणून कावळ्याच्या एवढ्याशा मेंदूतही त्या भरपूर मावतात.

९. चिंबोऱ्या जिवंतच उकळत्या पाण्यात टाकतो. त्यांना दुखतं का?

दुखतं असं मानूनच वागावं, इतका पुरावा आता आहे. रॉबर्ट एलवुड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना हलका विजेचा झटका दिला. नावडत्या जातीचा शंख खेकडे चटकन सोडत, आवडता असेल तर सहन करत राहत. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंखाची आवडनिवड मधे आली नसती. किनाऱ्यावरचे खेकडेही झटका बसणारा आडोसा टाळायला शिकले. असे अभ्यास एकत्र तपासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या गटानं २०२१ साली अहवाल दिला आणि ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यानं खेकडे, शेवंड, ऑक्टोपस यांना संवेदनशील प्राणी मानलं. स्वित्झर्लंडनं तर शेवंड जिवंत उकळण्यावर २०१८ पासून बंदी घातली.

खाऊ नका असं मी म्हणत नाही. मीही खाते. पण कोळीणमावशीकडूनच लगेच मारून, साफ करून घ्या. घरी करायचंच असेल तर भरपूर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि पूर्ण निपचित पडल्यावर झटकन कापा. रश्श्याच्या चवीत काही उणं येत नाही.

१०. आमच्या सोसायटीच्या कुत्र्याला सगळं कळतं. खरंच कळतं का, की आम्हालाच वाटतं?

दोन्ही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा आणि सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात, आणि आपल्या देशासाठी हे फार मोलाचं काम आहे. झाकलेल्या दोन भांड्यांपैकी एकाकडे अनोळखी माणसानं बोट दाखवलं, तेव्हा जवळजवळ निम्मी कुत्री भीतीनं जवळच आली नाहीत. जी आली त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोट दाखवलेलं भांडं गाठलं. कोणी शिकवलेलं नसताना.

तरीही ‘सगळं कळतं’ म्हणण्याआधी हान्सची गोष्ट आठवा. बर्लिनचा हा घोडा १९०४ च्या सुमारास गणितं सोडवायचा, उत्तराइतके खूर आपटून. तज्ज्ञांच्या समितीलाही त्यात लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी, विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली आणि घोड्याचं गणित बंद पडलं. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं आणि हान्स तेवढंच वाचत होता. गंमत अशी की हे समजल्यावरही फुंग्स्टना स्वतःचं डोकं हलणं रोखता येईना. हान्सला गणित येत नव्हतं, पण माणूस वाचता येत होता, आणि ती क्षमता कमी लेखू नये. कुत्र्याचं श्रेय ठरवताना आपल्या नजरेचा वाटा वजा करायला मात्र शिकलं पाहिजे.

११. चॅटजीपीटीसारखं यंत्र विचार करतं की नुसता पुढचा शब्द ओळखतं? त्यालाच विचारलं तर तो नीट समजावून सांगतो.

पहिला भाग आधी. ही मॉडेलं शब्दांचे तुकडे एकापुढे एक ओळखायलाच शिकतात आणि त्यांची बांधणी २०१७ साली मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर आहे. पण पुढचं अचूक ओळखण्यासाठी आत काय घडवावं लागतं, हा खरा प्रश्न. २०२२ साली एका लहान मॉडेलला ऑथेल्लो या पटावरच्या खेळाच्या फक्त चालींच्या याद्या दिल्या. पट दाखवला नाही, नियमही सांगितले नाहीत. आत डोकावल्यावर सापडलं की कोणत्या घरात कोणती सोंगटी आहे याचा हिशेब मॉडेल ठेवत होतं. म्हणून ‘नुसतं’ हा शब्द मी वापरत नाही.

आता दुसरा भाग. मार्च २०२५ मध्ये अँथ्रोपिक कंपनीच्या संशोधकांनी चॅटजीपीटीसारख्याच आपल्या क्लॉड या मॉडेलला ३६ + ५९ ही बेरीज दिली आणि आतल्या कोणत्या घटकांनी कोणतं काम केलं याचा माग काढला. दोन वाटा एकाच वेळी चालल्या होत्या. एक वाट उत्तराचा ढोबळ अंदाज घेत होती, नव्वदीच्या घरात कुठेतरी. दुसरी फक्त शेवटचा अंक पाहत होती: सहा आणि नऊ, म्हणजे शेवटी पाच. दोन्ही मिळून ९५. मग मॉडेललाच विचारलं, कसं केलंस? त्यानं उत्तर दिलं: सहा आणि नऊ पंधरा, हातचा एक, तीन आणि पाच आणि एक नऊ. दुसरीच्या वर्गातली रीत. आत तसं काही घडलंच नव्हतं. बेरीज करायला ते एका मार्गानं शिकलं आणि बेरीज समजावून सांगायला माणसांच्या लिखाणातून शिकलं.

खुराड्यासाठी फावडं निवडणारा प्रश्न ६ मधला रुग्ण इथे आठवतो. म्हणून चॅटबॉट ‘मी असा विचार केला’ असं लिहितो तेव्हा तो मजकूर उपयोगी असू शकेल, पण साक्ष म्हणून धरू नका. पायऱ्या लिहून दाखवणाऱ्या मॉडेलांनाही हे लागू आहे. त्याच कंपनीच्या २०२५ च्या चाचणीत प्रश्नासोबत उत्तराची चिठ्ठी चिकटवून दिली होती. मॉडेल ती वापरायचं, पण वापरल्याची कबुली लिखाणात चारांतून एकदाच यायची.

१२. मग तो ठामपणे खोटं का सांगतो? आणि मराठीत जास्त का चुकतो?

ठामपणाचं कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलं की मॉडेलांच्या परीक्षांत ‘माहीत नाही’ला शून्य गुण आणि अंदाज लागला तर पूर्ण गुण मिळतात. मग अंदाज ठोकणं फायद्याचंच ठरतं. निगेटिव्ह मार्किंग नसलेल्या परीक्षेत आपली मुलं दुसरं काय करतात?

मराठीचं कारण वेगळं. मॉडेलला खाऊ घातलेल्या मजकुरात मराठी फार थोडी असते, शिवाय देवनागरी शब्दांचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. पवईत आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली चाललेला भारतजेन प्रकल्प भारतीय भाषांसाठी मॉडेलं बांधतो आहे. तोवर औषधाचा डोस, कायद्याचं कलम आणि कोणाचीही जन्मतारीख चॅटबॉटच्या भरवशावर घेऊ नका.

१३. मुलगा दहावीला आहे. गणितं एआयकडून सोडवून घेतो. मेंदू मंद होईल का?

मंद होईल असा पुरावा नाही, पण शिकणं कमी होईल याचा आहे. तुर्कस्तानातल्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. साधा चॅटबॉट हाताशी असताना सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. परीक्षेत तो काढून घेतला तेव्हा हीच मुलं, एआय कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट दिला होता. त्या गटाचं नुकसान जवळजवळ झालं नाही.

एमआयटीच्या ज्या अभ्यासाचे मेसेज सगळीकडे फिरतात तो ५४ जणांचा होता, आणि तो बाहेर आला तेव्हा तज्ज्ञांकडून तपासून झालेला नव्हता. त्यावरून ‘मेंदू सडतो’ म्हणणं चूक आहे. घरात एक नियम करा: आधी कागदावर स्वतः, अडलं तर फक्त इशारा मागायचा.

१४. यंत्राला जाणीव असते का? ‘मला एकटं वाटतं’ असं तो मला म्हणाला.

माणसाच्या एकटेपणावर माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्यानं वाचलाय, म्हणून ते वाक्य येणारच. त्यावरून जाणीव असल्याचं सिद्ध होत नाही आणि नसल्याचंही नाही. बोलण्यातून तपासता येत नसेल तर आतली रचना तपासावी लागते, पण कशाला जाणीव म्हणायचं यावरच एकमत नाही. २५६ जणांचे मेंदू तपासून दोन प्रमुख सिद्धांत आमनेसामने आणणारा प्रयोग एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि दोन्ही सिद्धांतांची काही महत्त्वाची भाकितं चुकली. प्राण्यांच्या बाबतीत आपण पुढे आहोत, कारण तिथे वागणं आणि शरीर दोन्ही आपल्याशी नात्यातले आहेत (प्रश्न ७ आणि ९).

पण हे वाक्य वाचून तुम्ही रात्री जागे राहत असाल, तर आपल्या माणसाला फोन करा. हे मी काळजीनं सांगते आहे.

१५. मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या क्लासमध्ये मुलगी डोळे बांधून वाचते. बोटांच्या ठशांवरून बुद्धीही सांगतात. पैसे भरावेत का?

भरू नका. मध्यमेंदू आपल्या सगळ्यांचा जन्मापासून चालूच असतो. डोळ्यांची हालचाल आणि बाहुलीचं आकुंचन यांत त्याचा मोठा वाटा आहे. तो बंद असता तर मूल क्लासला आलंच नसतं. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या कडेनं खाली फट राहते. पुस्तक कपाळासमोर धरून पाहा, किंवा मुलीच्या हनुवटीखाली मोठा पुठ्ठा आडवा धरा. वाचन थांबेल. बोटांच्या ठशांचा बुद्धीशी संबंध असल्याचा कसलाही शास्त्रीय आधार नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो यासाठी की फटीतून पाहिलेलं लपवायला मूल तिथेच शिकतं, आणि आईबाबा टाळ्या वाजवतात. मुलीला रागावू नका. क्लासवाल्यांना पुठ्ठा धरून दाखवा म्हणावं.

१६. ब्रेन मॅपिंगनं गुन्हेगाराच्या मनातलं वाचता येतं ना? मग आता आपलंही कोणी वाचेल?

गुन्ह्याचं वर्णन ऐकवून मेंदूच्या विद्युतलहरींत ‘अनुभवाची खूण’ शोधणारी चाचणी आपल्याकडे वापरली गेली आणि २००८ साली पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात तिचा आधारही घेतला गेला. आठवण किती घसरडी असते ते प्रश्न ५ मध्ये पाहिलंच आहे. सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात स्पष्ट केलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही.

खरी प्रगती दुसरीकडे झाली आहे. स्नायूंवरचा ताबा घालवणाऱ्या एएलएस या आजारामुळे बोलणं अस्पष्ट झालेल्या एका अमेरिकन रुग्णाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवून त्याला बोलायचे असलेले शब्द ९७ टक्के अचूक पडद्यावर आणल्याचं २०२४ साली प्रसिद्ध झालं. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते आणि रुग्णाला मनापासून सहकार्य करावं लागतं. २०२५ साली स्टॅनफर्डच्या गटानं मनातल्या मनात म्हटलेले शब्दही काही प्रमाणात ओळखले, आणि नको ते बाहेर येऊ नये म्हणून रुग्णानं मनात परवलीचा शब्द म्हटल्यावरच यंत्र सुरू होईल अशी सोयही केली. बसल्या जागी, टोपी घालून, इच्छेविरुद्ध मन वाचणारं यंत्र कुठेही नाही.

१७. बाबा अपघातानंतर काही महिने बेशुद्ध आहेत. डोळे उघडतात, पण सांगितलेलं काही करत नाहीत. त्यांना ऐकू जात असेल का?

जात असण्याची शक्यता खरी आहे. २००६ साली एड्रियन ओवेन यांनी अशाच अवस्थेतल्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर’ आणि मग ‘घरभर फिरतेयस अशी कल्पना कर’ असं सांगितलं. दोन्ही वेळा तिच्या मेंदूचे तेच भाग कामाला लागले जे निरोगी माणसाचे लागतात. २०२४ साली सहा केंद्रांतल्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला. सूचनेला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा, म्हणजे चारांतल्या एकाचा, मेंदू सूचना पाळत होता.

आता पेच. त्याच अभ्यासात जे रुग्ण खाटेवर सूचना पाळताना डोळ्यांना दिसत होते, त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांच्याच मेंदूचा प्रतिसाद चाचणीत पकडता आला. म्हणजे चाचणीत काही दिसलं तर जाणीव आहे असं धरता येतं, पण दिसलं नाही म्हणून जाणीव नाही असं म्हणता येत नाही.

तेव्हा एकाच तपासणीवर थांबू नका. अशा रुग्णांसाठी ठरलेल्या मोजपट्टीनं, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, पुन्हा पुन्हा तपासायची विनंती न्यूरॉलॉजिस्टना करा. झोपेची औषधं चालू असतील तर त्यांचा परिणाम विचारा. नजर कशाचा पाठलाग करते का, ओळखीच्या आवाजाला चेहरा बदलतो का, ते तारीख-वेळेसह वहीत लिहा किंवा मोबाइलवर टिपा. घरच्यांना दिसलेल्या अशा गोष्टी डॉक्टरांच्या उपयोगी पडतात. आणि त्यांच्या तब्येतीबद्दल, खर्चाबद्दल बोलायचं असेल तर खोलीबाहेर जाऊन बोला.